पान एकेचाळीस, ओळ सतरा

पुरिफिकासिओन तागुरान गेल्या ऑक्टोबरपासून रस्त्याच्या चुकीच्या बाजूने चालतात. सान एलिआसमध्ये लोक ज्या बाजूने चालतात त्या बाजूला वाहने पाठीमागून येतात. नांग पुरिंगना ती समोरून यायला हवी असतात. (पुरिफिकासिओनचे पुरिंग, आणि त्याला थोरल्या बहिणीला लावायचे ‘नांग’ जोडूनच सारे गाव त्यांना ओळखते.) एका मोटारसायकलवर दोघे असले, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असले आणि गाडीला क्रमांकाची पाटी नसली (आमच्याकडे मारेकरी असेच येतात), की त्या जवळच्या दुकानात शिरतात आणि हाताला लागेल ते विकत घेतात. परवा त्यांच्या स्वयंपाकघरात मला व्हिनेगरच्या अकरा बाटल्या दिसल्या.

त्यांना भित्र्या म्हणणारा माणूस आमच्या न्यायालयात वर्षभरापूर्वी सापडला नसता. त्या तिथल्या लघुलेखिका. चौतीस वर्षांची नोकरी, आणि त्यांपैकी एकोणीस वर्षे माझ्या डाव्या हाताला, दीड हातावर. मी दुभाषी. साक्षीदार आमच्या बोलीत बोलतो, मी ते इंग्रजीत सांगतो, आणि माझे इंग्रजी नांग पुरिंगच्या पेन्सिलीखाली वळणे आणि आकडे होऊन वहीत उतरते. मोठ्या वादळात न्यायालयाचे छप्पर उडाले त्या दुपारी न्यायाधीशांसह आम्ही सगळे टेबलांखाली होतो. या बाईंनी तेवढ्यात अंगातला रेनकोट काढून वह्यांच्या गठ्ठ्यावर घातला आणि स्वतः भिजत उभ्या राहिल्या. तेव्हा भीती वाटली नाही का, असे मी पुढे एकदा विचारले.

“वाऱ्याला माझं नाव कुठं माहीत होतं?” त्या म्हणाल्या.

आता नाव माहीत आहे, आणि आमच्याकडे नाव लपवता येत नाही. स्पॅनिश अंमलात कुणा अधिकाऱ्याने आडनावांची यादी पानापानाने गावोगाव वाटली. आमच्या गावाच्या वाट्याला ‘त’चे पान आले. तागुरान, ताबिओस, तेरोंग. बेटावर कुठेही जाऊन आडनाव सांगितले की गाव कळते, आणि गाव कळले की घर कळायला मोटारसायकलला डबा जोडून भाडी मारणारा एक ट्रायसिकलवाला पुरतो.

नांग पुरिंगच्या भीतीचे मूळ एका शब्दात आहे. तो कुणी उच्चारला, हेच निश्चित नाही.

त्या वादळानंतर घरे गेलेल्या लोकांसाठी राजधानीतून छपराचे पत्रे आले. त्यांतले अठराशे पत्रे एका सकाळी प्रांताच्या गोदामातून ट्रकांत चढले आणि गव्हर्नर तेओफिस्तो वाल्देमोरो यांच्या कोंबड्यांच्या झुंजींच्या आखाड्यावर जाऊन बसले. खटला आमच्याकडे चालला. न्यायालयाला तेव्हा स्वतःचे छप्पर नव्हते. बास्केटबॉलच्या मैदानाचा मंडप वापरत होतो. साक्षीदार होता गोदामाचा रखवालदार एउफ्रोनिओ तेरोंग, साठीचा, कानाशी हात नेऊन ऐकणारा. सरकारी वकिलांनी विचारले, “पत्रे भरले जात असताना गव्हर्नर स्वतः तिथे उभे होते का?” प्रश्न मी बोलीत सांगितला. एउफ्रोनिओने पहिल्या बाकाकडे पाहिले. तिथे गव्हर्नरांची माणसे बसली होती, मनगटांत त्यांच्या पक्षाची जांभळी रबरी कडी घालून. त्याने तोंड उघडले नाही. मी त्या क्षणी न्यायाधीशांकडे पाहत होतो. माझे काम शब्दांचे. शब्द आला नाही, तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. बचावाचे वकील फोनमध्ये गुंतले होते. सरकारी वकिलांनी समाधानाने पुढचा प्रश्न विचारला.

शब्दाविना काही घडले, म्हणजे मान हलली, हात वर झाला, रडू फुटले, की नांग पुरिंग वहीत एक आडवी रेघ ओढत, तांदळाच्या दाण्याएवढी. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी टंकायला बसले की कोणती रेघ कशाची ते त्यांना आठवत असे. मान होकारार्थी हलली असेल तर त्या ‘होय’ टंकत. हे नियमात बसत नाही. ‘साक्षीदाराने मान हलवली’ असे कुणीतरी मोठ्याने सांगून नोंदवून घ्यायचे असते. पण आमच्या प्रांतातले निम्मे साक्षीदार मानेनेच साक्ष देतात, आणि दर वेळी ते वाक्य उच्चारायचे म्हटले तर एका साक्षीला आठवडा लागेल. नांग पुरिंगच्या आधीच्या लघुलेखिका असेच करत. त्यांनीच ते त्यांना शिकवले. चौतीस वर्षांत कुणाची तक्रार आली नाही.

एउफ्रोनिओची साक्ष मात्र दुसऱ्या दिवशी टंकली गेली नाही. शेजारच्या न्यायालयातली लघुलेखिका मुलाकडे कॅनडाला निघून गेली, तिच्या वह्यांचा भार नांग पुरिंगवर आला, आणि ही साक्ष असलेली सातवी वही त्यांच्या हाती पुन्हा आली ती चौदा महिन्यांनी. मधल्या काळात ते न्यायाधीश निवृत्त झाले. एउफ्रोनिओ झटका येऊन गेला. नव्या न्यायाधीश बाईंनी साक्षीदार पाहिला नव्हता; त्यांनी पाहिला तो नांग पुरिंगचा कागद. निकालपत्रात त्यांनी पान एकेचाळीस, ओळ सतरा यांचा तीनदा उल्लेख केला. तिथे लिहिले होते: ‘होय.’ गव्हर्नरांना सहा ते दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि आयुष्यभर कोणत्याही सार्वजनिक पदाला मनाई.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. निवडणूक पुढच्या मे महिन्यात.

आमच्या प्रांतात रेडिओ केंद्रे दोन आहेत, एक जांभळ्यांचे आणि एक आकाशी रंगवाल्यांचे, म्हणजे गव्हर्नरांच्या विरोधकांचे. निकालानंतरच्या आठवड्यात दोन्हींवर सकाळी सहापासून पान एकेचाळीस सुरू होई. ज्यांनी आयुष्यात न्यायालयाचा एक कागद वाचला नव्हता तेही ओळ सतरा म्हणून दाखवत. ट्रायसिकलींच्या मागे ‘४१’ असे स्टिकर लागले. आकाशी लोक ते सरळ लावत, जांभळे त्यावर फुली मारत. न्यायालयासमोरच्या खानावळीत आम्ही दुपारी भाज्यांचे पातळ सार, लास्वा, आणि सुकी मासळी जेवायला बसलो की आजूबाजूला हेच चाले.

“पत्रे तर सगळेच खातात रे! आमच्या माणसाने निदान आखाड्यावर घातले. रविवारी तूही त्याखालीच बसतोस ना सावलीत?”

“आणि माझी बायको अजून ताडपत्रीखाली बसते, त्याचं काय?”

“तिला सांग, ये आखाड्यात.”

“हसतोस काय? कायदा सगळ्यांना सारखा!”

“सहा वर्षांपूर्वी तुमचा खासदार दोषी ठरला, तेव्हा कुठं गेला होता कायदा? तेव्हा तर कोर्ट विकलं गेलंय म्हणत होतास.”

“तेव्हा विकलंच गेलं होतं!”

“आणि आता?”

“आता शुद्धीवर आलंय.”

नांग पुरिंगनी वाटीतला भोपळ्याचा तुकडा चमच्याने दोन केला. “वाक्यं तीच आहेत, तोतो,” त्या मला हळूच म्हणाल्या. धाकट्या भावाला म्हणावे तसे त्या मला तोतो म्हणतात. “तो खटलाही मीच लिहून घेतलाय. तेव्हा हे म्हणत होते ते आता ते म्हणतात. नुसती तोंडं बदललीत.”

तोवर त्यांना हे सारे दुरून ऐकू येत होते.

सप्टेंबरच्या अखेरीस गव्हर्नरांच्या नव्या वकिलांनी अर्ज केला: साक्षीदाराने ‘होय’ हा शब्द उच्चारलाच नव्हता, तेव्हा मूळ वही उघड न्यायालयात वाचून दाखवावी. अर्ज मंजूर झाला. पान पडले तर शिक्षा डळमळणार होती, आणि शिक्षा रद्द झाली तर गव्हर्नर मे महिन्यात पुन्हा उभे राहणार होते. वाचन ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारी ठरले. त्याआधीच्या गुरुवारी निबंधकांनी लोखंडी कपाट उघडून सातवी वही काढली, आणि नांग पुरिंगनी त्यांच्यासमोर, मी शेजारी असताना, ती चाळली. निबंधक सही घेण्यासाठी रजिस्टर आणायला गेले. नांग पुरिंगचे बोट एका जागी थांबले होते.

“इथे काही नाही,” त्या म्हणाल्या.

“काही नाही म्हणजे?”

“रेघ आहे.”

वही माझ्यासमोरच होती. मला ती वळणे वाचता येत नाहीत. कुणालाच येत नाहीत. शिकलेल्या लघुलिपीत त्यांनी चौतीस वर्षांत इतक्या स्वतःच्या खुणा मिसळल्या आहेत, की त्या वहीला बेटावर एकच वाचक आहे.

“मान हलवली होती का रे त्याने? तू समोर होतास.”

“मी न्यायाधीशांकडे बघत होतो, नांग.”

“सगळे तिकडेच बघतात.”

“तुम्हाला आठवत असेल ना?”

त्यांनी डोळे मिटले. “मान हललेली दिसते. आत्ताही दिसतेय. पण ती मी त्या दिवशी बघितली की टंकताना, ते कळत नाही. चौदा महिने झाले होते. दोन कोर्टांच्या वह्या होत्या उशाशी. मी रेघ बघितली, आधीचा प्रश्न बघितला, आणि ‘होय’ टंकलं. मान त्यानंतर दिसायला लागली असेल तर?”

निबंधक परत येत असल्याची चाहूल लागली. नांग पुरिंगनी वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

त्यांना काय काय करता येईल, हे मला तेव्हाच कळले, आणि त्यांनाही कळले असणार. त्या रेघेला त्यांनी सोमवारी ‘होय’ म्हटले असते तर ते होयच झाले असते. त्यांना खोटे ठरवणारा दुसरा वाचक नव्हता.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला, खाण्याच्या वेळी, त्यांच्या घरी इस्को ताबिओस आला. पूर्वी तो गव्हर्नरांची गाडी चालवी. आता सगळी कामे पाहतो. ताडाच्या पानांत बांधलेल्या चिकट तांदळाच्या इबोसची जुडी आणि आंब्यांची करंडी त्याने टेबलावर ठेवली. नांग पुरिंगच्या मुलीच्या लग्नात गव्हर्नर धर्मपिता होते. प्रांतातल्या तीनेकशे लग्नांत असतील. पण त्या नात्याने नांग पुरिंग त्यांच्या कुमादरे, म्हणजे मानलेल्या नातलग, लागतात, आणि इस्कोने येताना ते नाते बरोबर आणले होते.

“साहेबांनी पाठवलंय. म्हणाले, कुमादरेला आंबा आवडतो.”

“साहेबांना सांग, ऑक्टोबरात आंबे मिळवलेत म्हणजे कमाल आहे.”

“साहेबांना काय, कुठलंही मिळतं.” इस्कोने खुर्ची ओढली. “सोमवारी काय वाचणार, नांग?”

“वहीत असेल ते.”

“तेच तर! साहेबही तेच म्हणतात. तो एउफ्रोनिओ बिचारा तोंडच उघडायचा नाही. होय-बिय कुठनं म्हणेल?”

नांग पुरिंगनी आंब्यांची करंडी टेबलाच्या कडेला सरकवली.

“आयेन कशी आहे?” त्याने नातीची चौकशी केली. “नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला ना? बोर्डिंगहाउस बदललं म्हणे तिनं. निळं फाटक आहे नव्या ठिकाणी. रस्ता जरा सुनसान आहे, पण घर चांगलं आहे.”

तो गेल्यावर नांग पुरिंगनी शहरात फोन लावला.

“तुझ्या नव्या घराचं फाटक कुठल्या रंगाचं आहे गं?”

“निळं, लोला. का?”

“काही नाही. आजीला विचारावंसं वाटलं.”

त्यानंतरच्या दोन दिवसांत त्यांनी किती वेळा फोन केला ते आयेनने मला पुढे सांगितले. मोजायचे तिने सोडून दिले होते.

ही धमकी चमत्कारिक होती, आणि म्हणूनच तिच्यातून सुटका नव्हती. इस्कोला जे हवे होते तेच वहीत होते. खरे वाचले तर नांग पुरिंग घाबरून वाचत आहेत असे दिसणार होते. न घाबरता उभे राहायचे तर खोटे वाचावे लागणार होते. त्या रात्रभर टेबलापाशी बसून असाव्यात. रविवारी मी गेलो तेव्हा इबोसची एकही गाठ सुटलेली नव्हती आणि मुंग्या लागल्या होत्या.

“खाल्लं तर घेतल्यासारखं होतं,” त्या म्हणाल्या. “फेकलं तर शेजारी बघतात. तूच सांग काय करू.”

आम्ही बोलत असतानाच बाहेर ध्वनिक्षेपकाची शिट्टी वाजली. आकाशी केंद्रावरून सकाळी सांगितले होते, की गव्हर्नरांच्या कुमादरेला सत्य बोलण्याचे बळ मिळावे म्हणून तिच्या दारी प्रार्थना होणार आहे. चाळीसेक बायका होत्या, आकाशी फिती लावलेल्या, हातांत जपमाळा घेतलेल्या. मी पडद्याच्या फटीतून पाहिले. त्यांत नांग पुरिंगच्या चर्चमधल्या गायनमंडळातल्या दोघी होत्या. एक तर अशी, जिच्या बाळंतपणात नांग पुरिंग रात्रभर बसल्या होत्या.

“सत्याच्या बाजूने उभं राहण्याचं बळ या घरातल्या आमच्या बहिणीला दे,” ध्वनिक्षेपकातला आवाज म्हणाला, “आणि पैशाच्या मोहापासून तिला दूर ठेव.”

“‘होय’ म्हण, पुरिंग!” मागून कुणीतरी ओरडले. “नाही तर या गावात तोंड दाखवू नकोस!”

मग जप सुरू झाला. ध्वनिक्षेपक प्रार्थनेचा पहिला भाग म्हणे, बायका दुसरा. चाळीस गळ्यांचा तो आवाज घराच्या बांबूच्या भिंतीतून आत येत होता आणि टेबलावरचे पेले किणकिणत होते. नांग पुरिंग कपाटाला पाठ लावून उभ्या होत्या, डोळे दारावर. त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेल्यावर मला ऐकू आले: त्याही दुसरा भाग म्हणत होत्या, लहानपणापासूनच्या सवयीने, बाहेरच्या बायकांच्या लयीत.

गर्दी पांगल्यावर त्या म्हणाल्या, “उद्या घरापासून माझ्याबरोबर चालशील, तोतो? तू बाहेरच्या बाजूने, मी आतून. पाऊण मैलच आहे.”

मी मान हलवली.

सोमवारी मी साडेसहाला प्रवासी जीपनीत बसून थेट न्यायालयात गेलो. दुभाष्याने लवकर हजर असावे, असे मी स्वतःला सांगितले. तिथून त्यांच्या घराकडे जाणारा रस्ता दिसतो. मी खिडकीशी उभा राहिलो नाही.

त्या पावणेनऊला आल्या. दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवी तपासली.

“हे काय, नांग?”

“व्हिनेगर.”

“कोर्टात?”

“वाटेत लागलं,” नांग पुरिंग म्हणाल्या. बाटली दारावर ठेवून त्या आत आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

दालन भरलेले होते, मधली वाट सोडून डावीकडे जांभळे, उजवीकडे आकाशी. जामिनावर सुटलेले गव्हर्नर पुढच्या बाकावर पांढऱ्या भरतकामाच्या सदऱ्यात बसले होते. नांग पुरिंग समोरून गेल्या तेव्हा ते अर्धवट उठले आणि घरातल्यासारखे हसून म्हणाले, “कुमादरे.” नांग पुरिंगनी मान लववली. दुसरे काही त्यांना सुचलेच नसेल. उजवीकडे लगेच कुजबुज उठली.

साक्षीदाराच्या खुर्चीत त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्या नेहमीच्या जागी शेजारच्या न्यायालयात नव्याने लागलेली मुलगी होती. शपथ झाली. त्यांनी बोलीतच उत्तरे द्यायचे ठरवले, म्हणून इंग्रजी करायला मी उभा राहिलो. वही उघडली. पान उलटताना ते एकदा फाटता फाटता राहिले. त्यांनी एउफ्रोनिओला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरे एकेक करून वाचली. त्या प्रश्नापाशी आल्या, तो वाचला, आणि थांबल्या.

“उत्तर?” बचावाचे वकील म्हणाले.

“उत्तराच्या जागी रेघ आहे.”

डावीकडून टाळी वाजली. न्यायाधीश बाईंनी हातोडा आपटला.

“रेघेचा अर्थ काय?”

“शब्द आला नाही.”

“आभारी आहे,” वकील बसले.

सरकारी वकील उठले ते चिडलेले होते. “शब्द आला नाही, पण मान हलली, म्हणून तुम्ही ‘होय’ टंकलंत. बरोबर ना?”

“मी ‘होय’ टंकलं. तो शब्द एउफ्रोनिओचा नाही. माझा आहे.”

“मान हललेली तुम्ही पाहिलीत की नाही?”

“पाहिली असं मला वाटतं. पण टंकलं चौदा महिन्यांनी. त्या दिवशी पाहिली, की टंकताना मनात आली, ते मला शपथेवर सांगता येणार नाही.”

“विकली गेली!” उजवीकडून कुणी बाई ओरडली. हातोडा पुन्हा वाजला.

“या कबुलीसाठी तुमच्यावर कुणी दबाव आणला आहे का? धमकी?”

नांग पुरिंगनी वही मांडीवर ठेवली. त्यांनी पुढच्या बाकाकडे पाहिले, मग उजवीकडच्या जपमाळांकडे.

“शनिवारी इबोस आले,” त्या म्हणाल्या. “रविवारी प्रार्थना आली.”

कुणीतरी हसले. गव्हर्नर हसले नाहीत.

“तुम्ही कुणाला घाबरता?”

“दोघांनाही,” त्या म्हणाल्या. हा शब्द इंग्रजीत सांगताना माझा आवाज इतका खाली गेला, की न्यायाधीश बाईंनी मला तो पुन्हा सांगायला लावला. “मी इतकी घाबरलेय, की आज माझ्या तोंडून काय खरं निघेल याची मलाच खात्री नाही. पण ही रेघ ओढली तेव्हा मी कुणाला घाबरत नव्हते. म्हणून मी वही वाचली.”

मी ते सगळे इंग्रजीत सांगितले. लघुलेखिका मुलीने खाली मान घालून लिहून घेतले.

न्यायाधीश बाईंनी पान एकेचाळीस, ओळ सतरा दुरुस्त करण्याचा आदेश दिला. उरलेल्या पुराव्यावर शिक्षा टिकते का, ते नंतर ठरवू, म्हणाल्या. ते अजून ठरायचे आहे. दुपारच्या बातम्यांत आकाशी केंद्राने कुमादरेची किंमत किती झाली असेल यावर श्रोत्यांचे फोन घेतले. जांभळ्या केंद्राने आधी सत्याचा विजय झाला म्हणून गाणे लावले. मग तासाभराने कुणाच्या तरी लक्षात आले, की मुळात ‘होय’ टंकून साहेबांना दोषी ठरवणारी हीच बाई. तिला तुरुंगात घाला, अशी मागणी तिथेही सुरू झाली. ज्या खटल्यावर दोन महिने उत्तरदायित्वाची भाषणे झाली होती, त्यातली पहिली कारणे-दाखवा नोटीस त्या दिवशी चार वाजता नांग पुरिंगच्या हाती पडली: प्रमाणित प्रतीत चुकीची नोंद का केली, याचा लेखी खुलासा उद्या समक्ष द्यावा. त्यांनी ती दोनदा वाचली, पोच म्हणून सही केली, आणि घडी घालून पिशवीत ठेवली.

“ही बरोबर आहे,” त्या निबंधकांना म्हणाल्या.

बाहेर पडताना मी त्यांच्या मागोमाग गेलो. पहारेकऱ्याने व्हिनेगरची बाटली परत दिली. त्यांनी रस्ता ओलांडला आणि चुकीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मी शेजारी गेलो.

“सकाळी आला नाहीस.”

“दुभाष्याला लवकर यावं लागतं, नांग.”

त्यांनी हे ऐकून घेतले. लांबून एक मोटारसायकल येत होती. तिच्यावर नवरा-बायको होते आणि मध्ये कोंबड्यांची टोपली. ती निघून जाईपर्यंत नांग पुरिंगनी बाटली छातीशी धरून ठेवली होती.

“उद्या पुन्हा यायचंय. खुलासा घेऊन. घरापासून चालशील बरोबर?”

मी मान हलवली.

त्या माझ्याकडे वळून पाहत राहिल्या. एकोणीस वर्षे दीड हातावर बसलेल्या त्या बाईंनी मला असे समोरून कधी पाहिले नव्हते.

“तोंडानं सांग,” त्या म्हणाल्या.

“येईन,” मी म्हणालो. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. “येईन, नांग. सात वाजता, तुमच्या दाराशी.”

मग त्यांनी मला बाहेरच्या बाजूला घेतले, आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी पाहत आम्ही चालायला लागलो.